विचारून, मोजून, राहून, पारखून: समाजाचा अभ्यास होतो तरी कसा?

पुढच्या जनगणनेत प्रत्येकाची जात विचारली जाईल, असं केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं. या जनगणनेचा संदर्भ दिनांक आहे १ मार्च २०२७. घोषणा झाल्यापासून एक वाक्य सारखं कानावर पडतं: "आता एकदाचे आकडे येतील आणि काय ते खरं-खोटं होऊन जाईल."

आकडे यायलाच हवेत, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९३१ नंतर सगळ्या जातींची देशभरातली मोजणी जाहीरच झालेली नाही आणि इतक्या जुन्या आकड्यांवर धोरणं आखणं अन्यायाचं आहे. पण आकडा आला की वाद मिटेल, ही समजूत मात्र खरी नाही. जानेवारी २०२४मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक आणि महापालिकांचे कर्मचारी घरोघरी फिरले, तेव्हा हाच अनुभव आला. निष्कर्ष यायच्या आधीच लोक विचारत होते, "प्रश्न असे का विचारले? इतक्या कमी दिवसांत कसं होणार? घरात जो भेटला त्यानेच सगळ्यांची माहिती दिली, ती खरी कशावरून?"

हे प्रश्न रास्त आहेत. समाजशास्त्रात त्यांच्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ विचार झाला आहे. या विचाराला संशोधनपद्धती म्हणतात, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला कळली असं म्हणण्याआधी ती कशी कळली हे सांगण्याची शिस्त. महाविद्यालयात हा विषय मुलांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते रोजच्या बातम्या वाचायला यापेक्षा उपयोगी विषय दुसरा नाही.

नुसतं मोजणंही सोपं नाही

मोजणीपासून सुरुवात करू, कारण ती सर्वांत सरळ वाटते. दारात जायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं.

२०११मध्ये सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना झाली. तिचे जातींचे आकडे प्रसिद्धच झाले नाहीत. महाराष्ट्र सरकार ते मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २०२१मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात कारण सांगितलं. १९३१च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११च्या गणनेत जातींची नावं निघाली ४६ लाखांहून जास्त. एकट्या महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या सरकारी याद्यांमध्ये मिळून ४९४ नावं असताना गणनेत आली ४,२८,६७७.

ऐंशी वर्षांत लाखो नव्या जाती जन्माला आल्या नाहीत. प्रगणकाच्या हातात जातींची तयार यादी नव्हती. समोरच्याने जे सांगितलं ते त्याने भरलं. आता विदर्भातल्या एका घराची कल्पना करा. वडील म्हणतील कुणबी, काका म्हणतील तिरळे कुणबी, शेजारचे म्हणतील पाटील. खानदेशात कोणी लेवा पाटील सांगेल, कोणी लेवा पाटीदार, कोणी नुसतं लेवा. माळी, फुलमाळी, जिरे माळी. कोणी आडनाव सांगतं, कोणी कूळ, कोणी गोत्र. त्यात इंग्रजी स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. प्रत्येक वेगळी अक्षरजुळणी म्हणजे यंत्राच्या लेखी वेगळी जात.

इथे कोणीही चुकीचं उत्तर दिलेलं नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जात विचारली की माणूस समोर कोण आहे आणि कशासाठी विचारतोय ते पाहून उत्तर देतो. सोयरीक जुळवताना सांगायचं नाव वेगळं, दाखल्यावरचं वेगळं, परगावी ओळख करून देताना सांगायचं वेगळं. २०११मध्ये महाराष्ट्रातल्या ११ टक्क्यांहून अधिक लोकांच्या नावापुढे "जात नाही" अशी नोंद झाली. त्यात खरोखर जात न मानणारे किती, सांगायची इच्छा नसलेले किती आणि प्रगणकाने रकाना मोकळा सोडलेले किती, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही. २०२७च्या मोजणीचं यश आधी तयार केलेल्या यादीवर आणि प्रगणकांच्या प्रशिक्षणावर ठरेल.

थोड्यांना विचारून सगळ्यांचं कसं कळतं?

जनगणना सगळ्यांना विचारते. बाकी बहुतेक अभ्यास काही जणांनाच विचारतात. याला नमुना पाहणी म्हणतात, आणि तिच्यावरचा ठरलेला आक्षेप म्हणजे "आमच्याकडे तर कोणी विचारायला आलं नाही!"

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं मोठं आहे म्हणून जास्त शितं दाबून बघत नाही. अट एकच: शीत कुठलंही उचललेलं असलं पाहिजे. वरवरचंच उचललं तर तळाचा भात लागलेला कळणार नाही. पाहणीचंही तसंच. खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या हजार माणसांवरून काढलेली टक्केवारी बहुतेक वेळा खऱ्या टक्केवारीच्या तीन अंक इकडेतिकडे असते, मग लोकसंख्या एक कोटी असो की शंभर कोटी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, सहा लाखांहून जास्त घरं घेतली, कारण तिथे प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा आकडा हवा होता. देशाच्या सरासरीसाठी इतकी घरं लागत नाहीत.

नुसती संख्या मोठी असून भागत नाही, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. सुमारे २४ लाख भरून परत आल्या आणि त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन यांचा विजय वर्तवला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांच्याकडे फोन आणि गाडी होती त्यांचे. शिवाय उत्तर पाठवायची तसदी कोणी घेतली, हाही प्रश्न होताच. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी थोड्या लोकांवरून रूझवेल्ट जिंकणार असं सांगितलं होतं.

आज आपल्याकडे हीच अडचण वेगळ्या रूपात आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये पाहणी करणाऱ्याला वॉचमन गेटच्या आतच सोडत नाही. चाळीत आणि वस्तीत दारं उघडी असतात. त्यामुळे गरिबांबद्दल आपल्याकडे ढीगभर माहिती असते आणि श्रीमंतांबद्दल फारच तुटपुंजी. आपल्या विषमतेच्या आकडेवारीतली ही मोठी उणीव आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

प्रश्न बदलला की उत्तर बदलतं

नमुना चोख निवडला, आता विचारायचं काय?

"तुम्ही काम करता का?" हा प्रश्न गावातल्या बाईला विचारून बघा. "नाही, घरीच असते," असं उत्तर येतं. हे सांगताना तिच्यासमोर सुपात तूर निवडायला घेतलेली असते, चूल पेटलेली असते आणि सकाळी ती गोठा उरकून आलेली असते. तिने खोटं सांगितलेलं नाही. काम म्हणजे मजुरी किंवा नोकरी, हाच अर्थ तिने आयुष्यभर ऐकला आहे. हा रकाना "नाही" असा भरून आपण पुढच्या घरी गेलो, तर देशातल्या निम्म्या लोकांचे कष्ट कागदावरून पुसले जातात.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ वापर पाहणी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारते. काम करता का, असं विचारतच नाही. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाला तुम्ही काय करत होता, हे एकेक करून नोंदवते. २०२४च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेलेली दिसली, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. बाई तीच, घर तेच. प्रश्न बदलल्यावर पावणेपाच तासांचं काम दिसायला लागलं.

अस्पृश्यतेबद्दल विचारताना तर फारच जपून जावं लागतं. २०११-१२च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात ४२ हजारांहून जास्त कुटुंबांना विचारलं गेलं: तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? "नाही" म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता: अनुसूचित जातीच्या व्यक्तीने तुमच्या स्वयंपाकघरात आलेलं किंवा तुमची भांडी वापरलेली चालतील का? पहिल्या प्रश्नात सुटलेली कितीतरी घरं दुसऱ्या प्रश्नात सापडली. दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के घरांत अस्पृश्यता पाळली जात असल्याचं दिसलं. अस्पृश्यता हा शब्द कायद्याचा आहे, गुन्ह्याचा आहे. भांडी आणि स्वयंपाकघर रोजच्या जगण्यातलं आहे.

काही प्रश्नांचं उत्तर शब्दांपेक्षा खोलीत कोण बसलंय यावर अवलंबून असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याच्या हिंसेबद्दलचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारायचे, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा, असा नियम आहे. सासू उंबऱ्यात बसलेली असताना मिळालेलं उत्तर संशोधनाच्या कामाचं नसतं आणि त्या बाईसाठी ते धोक्याचं ठरू शकतं. एवढी काळजी घेऊन पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी अशी हिंसा सोसल्याचं सांगितलं. न सांगितलेली त्यापलीकडे आहेच.

म्हणजे लोक खोटं बोलतात?

असा निष्कर्ष काढायची घाई होते. १९३०च्या सुमारास रिचर्ड लापिएर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल उघड द्वेष होता. २५१ हॉटेलं, लॉज आणि खानावळींमध्ये ते गेले. एका ठिकाणी नकार मिळाला. नंतर लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्रं लिहिली: चिनी ग्राहकांना तुम्ही घ्याल का? १२८ ठिकाणांहून उत्तरं आली आणि ९० टक्क्यांहून जास्त उत्तरं "नाही" अशी होती.

पत्राला नाही म्हणणारा खोटारडा होता का? पत्रात "चिनी" नावाचं एक चित्र होतं, समोर मात्र नीटनेटके कपडे घातलेली, अस्खलित इंग्रजी बोलणारी दोन माणसं होती आणि बरोबर एक गोरा प्राध्यापक होता. पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवर उभा असलेला माणूस एकच होता याचीही खात्री नाही. या अभ्यासावर असे आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते योग्य आहेत. तरी त्यातून एक गोष्ट पक्की झाली: माणूस काय म्हणतो आणि काय करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना पद्धतीही वेगवेगळ्या लागतात.

लापिएर यांना बोलणं कडवं आणि वागणं मऊ आढळलं. आपल्याकडे याच्या उलट चित्र दिसलं.

एकच प्रश्न, तीन वाटा

खासगी नोकरीत जात आड येते का? महाराष्ट्रात या प्रश्नावर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. २००७मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या मुंबईच्या नियतकालिकात याच प्रश्नावरचे काही अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. पद्धतींची तुलना शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पहिली वाट मुलाखतीची. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलणं केलं. जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच: आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, जात वगैरे आमच्या मनातही येत नाही. पाहणीतला हो-नाहीपुरता बंद प्रश्न असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण बोलणं लांबलं. उमेदवारात आणखी काय बघता, असं विचारल्यावर "कौटुंबिक पार्श्वभूमी" हे उत्तर सारखं येऊ लागलं. वडील काय करतात, भावंडं किती शिकलेली, घरचं वळण कसं. ज्याच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, तो या प्रश्नांत गुण कुठून आणणार? हे विचारणाऱ्यांना आपण भेदभाव करतोय असं प्रामाणिकपणे वाटत नव्हतं, हेही मुलाखतींतूनच कळलं.

दुसरी वाट टेबलाच्या पलीकडची. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांशी बोलून त्यांच्या नोकरीच्या शोधाचा मागोवा घेतला. कौटुंबिक पार्श्वभूमीचा तोच प्रश्न दलित विद्यार्थ्याला कसा ऐकू येतो, हे तिथे दिसतं. कोणी अवघडून जातो, कोणी उत्तर टाळतो, कोणाला आरक्षणावर मत विचारलं जातं.

तिसरी वाट प्रयोगाची. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी कोणाला काही विचारलंच नाही. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना टपालाने अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावात. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, एक दलित वाटेल असं, एक मुस्लिम. जात किंवा धर्म अर्जात कुठेही लिहिलेला नव्हता. ६६ आठवड्यांत ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. मग फक्त एवढंच मोजलं की पुढचं बोलावणं कोणाला आलं. उच्चवर्णीय नावाच्या संधीचं प्रमाण १ धरलं, तर दलित नावाचं ०.६७ निघालं आणि मुस्लिम नावाचं ०.३३.

एका अभ्यासात अधिकारी म्हणतात आम्ही भेदभाव करत नाही, दुसऱ्यात आकडे म्हणतात भेदभाव होतो. पुष्कळांना वाटतं की यातला एक अभ्यास चुकला असणार. दोन्ही बरोबर आहेत. प्रयोगाने सिद्ध केलं की नावामुळे फरक पडतो. हा फरक शिक्षणाचा किंवा अनुभवाचा आहे असं आता म्हणता येत नाही, कारण त्या गोष्टी सारख्या ठेवल्या होत्या. कारण आणि परिणाम वेगळे काढून दाखवण्याची ही ताकद दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत नाही. पण अर्ज बाजूला ठेवणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होतं, याबद्दल प्रयोग मुका आहे. ते मुलाखतींनी दाखवलं. गुणवत्तेवर मनापासून विश्वास ठेवणारा माणूसही घरचं वळण तपासता तपासता जात तपासत असतो. ही जोडणी कळल्याशिवाय उपाय सापडणार नाही, कारण भेदभाव करणारा वाईट माणूस शोधून काढा म्हटलं तर असा माणूस सापडतच नाही.

प्रयोगाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. इंग्रजी पेपरातल्या जाहिरातीला टपालाने अर्ज, एवढाच दरवाजा तपासला गेला. ओळखीने, चिठ्ठीने, "आपल्या गावचा पोरगा आहे" म्हणून मिळणाऱ्या नोकऱ्या त्यात नाहीत. शेवटी नेमणूक कोणाची झाली, हेही नाही.

खोटे अर्ज पाठवणं ही फसवणूक नाही का, असं विद्यार्थी दर वर्षी विचारतात. काही अंशी आहे. कंपनीचा थोडा वेळ वाया जातो आणि तिची परवानगी घेतलेली नसते. परवानगी मागितली तर वागणं बदलणार, मग मोजायला काही उरत नाही. म्हणून अशा अभ्यासात कंपन्यांची नावं जाहीर करत नाहीत आणि कोणावर ठपका ठेवत नाहीत. तेवढी अडचण सोसण्याजोगी आहे, असं मला वाटतं. दुसरं मत असू शकतं.

राहून पाहणं

आता सर्वांत संथ वाट. तिला सहभागी निरीक्षण म्हणतात: ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यात जाऊन राहायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं, चालायचं, आणि रात्री टिपणं लिहायची.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरपूरला वारीबरोबर चालत गेल्या आणि त्याबद्दल त्यांनी लिहिलं. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली. पण त्यांना दुसरंही दिसलं. वाट एक, अभंग एक, विठोबा एक, आणि मुक्कामावर ब्राह्मणांच्या चुली आणि पंगती वेगळ्या, मराठ्यांच्या वेगळ्या. या गोष्टीने त्या कळवळल्या. हेच प्रश्नावली घेऊन विचारलं असतं, की वारीत जात पाळता का, तर शंभरातले शंभर म्हणाले असते, "छे, माउलींच्या वारीत कसली जात?" तेही मनापासून म्हणाले असते. पंगत कुठे बसली, हे बघायला मात्र जेवणाच्या वेळी तिथे असावं लागतं.

याच इरावतीबाई मोजमापातही तरबेज होत्या. बर्लिनमध्ये युजेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करताना त्यांनी कवट्या मोजल्या. कवटीच्या असमान घडणीचा वंशाशी आणि बुद्धीशी संबंध आहे, असं त्यांच्या मार्गदर्शकांचं मत होतं. मोजल्यावर तसं काही निघालं नाही, आणि तेच त्यांनी प्रबंधात लिहिलं. आकड्यांना रुक्ष म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. माप नीट घेतलं तर ते मोठमोठ्यांचा पूर्वग्रह मोडू शकतं.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्याकडे शिकलेले एम. एन. श्रीनिवास १९४८मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहायला गेले. गावाचं रामपुरा हे नाव त्यांनी दिलेलं. ग्रंथांतली जातिव्यवस्था म्हणजे चार वर्णांची उतरंड. गावात राहिल्यावर त्यांना दिसलं की खरा दबदबा जमीन, संख्या आणि पैसा ज्याच्या हाती त्याचा असतो, मग वर्णाच्या उतरंडीत तो कुठेही असो. यातूनच "प्रभुत्वशाली जात" ही कल्पना आली. महाराष्ट्रातलं साखर कारखान्याचं आणि जिल्हा परिषदेचं राजकारण समजून घ्यायला ती आजही उपयोगी पडते. १९७०मध्ये स्टॅनफर्ड इथे लागलेल्या आगीत त्यांची वर्षानुवर्षं तयार केलेली टिपणं जळाली, आणि त्यांनी रामपुऱ्यावरचं पुस्तक मुख्यतः आठवणीतून लिहिलं.

"राहायला गेला की तो त्यांचाच होतो"

हा आक्षेप खरा आहे. रामपुऱ्यात श्रीनिवास ज्या घरात राहिले ते गावच्या प्रमुखाच्या मालकीचं होतं. ते स्वतः ब्राह्मण. त्यामुळे गाव त्यांना वरच्या आळीतून जास्त दिसलं आणि दलित वस्तीतून कमी, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. तेच गाव दलित वस्तीत राहून कोणी पाहिलं असतं तर वेगळं पुस्तक झालं असतं.

पण तटस्थ राहायचं म्हणजे कुठूनच न पाहणं, असं होत नाही. पाहणीतही कोणीतरी प्रश्न लिहितो, कोणीतरी रकाने ठरवतो. "जात" या रकान्यापुढे यादी द्यायची की मोकळी जागा सोडायची, हा निर्णयही कुठल्यातरी खुर्चीत बसूनच घेतला जातो. फरक इतकाच की राहून पाहणारा "मी इथे उभा होतो" असं लिहितो आणि आकड्यांच्या तक्त्यात ते लिहायची पद्धत नाही.

दुसरा आक्षेप, की एका गावावरून देशाबद्दल कसं बोलणार? टक्केवारीसाठी बोलताच येणार नाही. किती गावांत असं आहे, या प्रश्नाला रामपुरा उत्तर देत नाही. असं कसं घडतं, याला देतो.

कागदावर जे येतच नाही

सरकारी नोंदींवरून अभ्यास करणं स्वस्त आणि सोयीचं असतं. माणसांना त्रास नाही, आकडे तयार. पण ही नोंद कोणी, कशासाठी केली, हे विचारल्याशिवाय ती वापरू नये. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं पाहा. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा क्वचितच असतो. तिने जीव दिला तर नोंदीत ती बहुधा गृहिणी असते आणि शेतकऱ्यांच्या आकड्यात येतच नाही. सरकारी मदतीसाठी "पात्र" आणि "अपात्र" अशी विभागणी होते तीही कागदांवरून. गावात जाऊन घरच्यांशी बोलणाऱ्या संशोधकाला जे दुःख एकसारखं दिसतं, ते फायलीत दोन वेगळ्या खणांत पडलेलं असतं.

मग सर्वांत चांगली पद्धत कोणती?

या प्रश्नाला मी उलटा प्रश्न विचारतो: तुम्हाला काय जाणून घ्यायचंय? किती जण, हे हवं असेल तर मोजणी किंवा नीट निवडलेला नमुना लागतो, आणि शंभर हृदयद्रावक मुलाखती त्याची जागा घेऊ शकत नाहीत. अमुक एका गोष्टीमुळेच हे घडतं का, हे हवं असेल तर प्रयोगाजवळ जावं लागतं. घडताना ते माणसाला कसं वाटतं, तो त्याचं समर्थन कसं करतो, हे हवं असेल तर समोर बसून निवांत बोलायला हवं. आणि जे लोकांना स्वतःलाच सांगता येत नाही, कारण ते हवेसारखं सवयीचं झालेलं असतं, त्यासाठी राहायलाच जावं लागतं.

वृत्तपत्रांत हे सगळं "एका सर्वेक्षणानुसार" या दोन शब्दांत गुंडाळलेलं असतं. संकेतस्थळावर ज्याला वाटलं त्याने बटण दाबलेली चाचणीही सर्वेक्षण, आणि वर्षभर दारोदार फिरून केलेली पाहणीही सर्वेक्षण. निदान कोणाला विचारलं, कसे निवडले आणि नेमका प्रश्न काय होता, एवढं छापायची पद्धत मराठी पत्रकारितेत पडायला हवी.

२०२७ची मोजणी कुठली जात किती आणि ती शिक्षण, घर, नळ, वीज यांत कुठे उभी आहे, हे सांगू शकेल. ते फार मोठं काम आहे. ती अवस्था का आहे, हे त्यातून कळणार नाही. घरांचंच उदाहरण घ्या. जनगणनेच्या घरयादीत घर स्वतःचं की भाड्याचं, हा प्रश्न असतो. ज्याला भाड्याने घर मिळालंच नाही, त्याचा नकार त्यात कुठेच नोंदला जात नाही. २०१२मध्ये थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत हे तपासलं. उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम असे घर शोधणारे फोनवरून आणि प्रत्यक्ष जाऊन चौकशी करत होते. दलितांना आणि त्याहून जास्त मुस्लिमांना नकार मिळाला किंवा जास्तीच्या अटी घातल्या गेल्या. पुण्या-मुंबईत "फक्त शाकाहारी कुटुंबासाठी" अशा पाट्या आणि एजंटांचे टाळाटाळीचे फोन सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, तरी त्यांचं असं पद्धतशीर माप मोठ्या प्रमाणावर घ्यायला हवं. जनगणनेचे प्रभागनिहाय आकडे मिळाले, तर ते माप नेमकं कुठल्या प्रभागांत घ्यायचं आणि किती घरमालकांना फोन लावायचे, हे ठरवता येईल.